घनसाळचे पोते वेगळे राहिले पाहिजे

आजरा भागात घनसाळ हा भाताचा वाण उशिरा कापणीला येतो. तोवर इंद्रायणी आणि संकरित भाताची मळणी उरकलेली असते. त्याच खळ्यावर, त्याच यंत्रात घनसाळ पडतो. यंत्राच्या कोनाकोपऱ्यांत राहिलेले ओंजळभर परके भात त्यात मिसळते, पुढच्या वर्षी तरव्यात उगवते, आणि चार-पाच हंगामांत वाण ओळखू येईनासा होतो. भाताचे परागीभवन बहुतांशी स्वतःचे स्वतःत होते. त्यामुळे शेजारच्या शिवारापेक्षा आपले खळे आणि आपले पोतेच वाणाला जास्त बाधते.

आजऱ्याच्या शेतकरी मंडळाच्या प्रयत्नाने २०१६ मध्ये घनसाळला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या धडपडीबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, दाण्याचे नाही. कोल्हापुरी गुळालाही २०१४ पासून मानांकन आहे, तरी बाहेरचा गूळ आपल्या नावावर विकला जातो, ही तक्रार पेठेत आजही ऐकू येते.

वाण जपणे जमते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तिथे पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी प्लेमाँ नावाचा द्राक्ष उत्पादकांचा सहकारी संघ आहे. प्लेझाँस, एन्याँ आणि सँ-माँ या तीन गावांच्या संस्था १९७९ मध्ये एकत्र आल्या. तिन्ही नावांचे तुकडे जोडून संघाचे नाव झाले. जगभर खपणाऱ्या जातींच्या मागे न लागता त्यांनी ताना, मान्सांग, आरुफियाक या आपल्या मातीतल्या द्राक्षांची वाइन करायचे ठरवले. सारागाशी गावात वाळूच्या जमिनीमुळे फायलोक्सेरा किडीतून वाचलेला एकोणिसाव्या शतकातला जुना मळा आहे. २०१२ मध्ये तो ऐतिहासिक स्मारक झाला. किल्ल्याला मिळावा तो मान वेलींना! संघाने मागे पडलेल्या जातींचा संग्रह जपला, आणि त्यातली काळी मान्सांग पुन्हा लागवडीत आणली. तिच्यात साखर कमी भरते. एके काळचा हा दोष आता, उन्हाळे तापू लागल्यावर, गुण ठरतो आहे.

हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. उसाने आपल्याला काट्यावरच्या वजनाचा हिशेब शिकवला. कारखान्याचा उतारा सरासरीने धरतात, कोणाच्या फडात किती गोडी होती हे कोणी विचारत नाही. पण याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थेत रोज दोन वेळा फॅट लावून दर मिळतो, आणि म्हशीच्या दुधाचे कॅन गाईच्या दुधात ओतलेले कोणी खपवून घेत नाही. हीच शिस्त भाताला हवी. घनसाळ उंच वाढतो, युरिया जास्त झाला की लोळतो, उतारा कमी देतो. इंद्रायणीच्या दरात घेतला तर शेतकरी तो का लावील?

म्हणून सेवा सोसायट्यांनी आणि उत्पादक कंपन्यांनी घनसाळची खरेदी वेगळ्या दिवशी, वेगळ्या दराने करावी. गिरणी आधी रिकामी करून घ्यावी. भात कडक उन्हात घाईने न वाळवता पातळ पसरून, सावकाश वाळवावे. तापलेल्या दाण्यातून वास उडतो, मग पिशवीवरच्या मानांकनाचा उपयोग काय? बियाणे मात्र पोत्यातून नको. उभ्या पिकातून परकी रोपे उपटून, निवडक लोंब्या वेगळ्या हाताने झोडून ठेवाव्यात.

काळा जिरगा आणि जोंधळा जिरगा या भाताच्या वाणांनाही हे सारे लागू आहे. ज्या संस्थांनी अशी वेगळी खरेदी सुरू केली असेल, त्यांनी दर आणि खर्चासह आम्हाला कळवावे. तरवा टाकण्याआधीच्या अंकात ते आकडे आम्ही छापू.