डेलियाचा कंद टाकून देण्यापूर्वी

हिवाळी पुष्पप्रदर्शनात ज्या डेलियापुढे प्रेक्षकांची पावले थबकतात, त्याच डेलियाची कुंडी मार्च-एप्रिलमध्ये अनेक घरांतून कचऱ्यात रिकामी होते. झाड सुकले, पुढील वर्षी रोपवाटिकेतून नवे आणू, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. तो चुकीचा आहे, आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही.

डेलियाच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच असतात. त्यामुळे बियांपासून आलेले रोप रंगारूपाने मूळ झाडासारखे क्वचितच निपजते. एखादा वाण जसाच्या तसा टिकतो तो कंदातून किंवा कंदाला फुटलेल्या कोंबांच्या छाटकलमांतून. असा वाण कोणीच जपला नाही, तर तो कायमचा नाहीसा होतो.

जपणूक अवघड नाही. मात्र कंदाची रचना ठाऊक हवी. रताळ्याच्या अंगावर अनेक ठिकाणी कोंब फुटतात. डेलियाचे डोळे मात्र कंद खोडाला जुळतो तेवढ्याच भागात असतात. तो भाग तुटला की टपोरा कंदही निरुपयोगी ठरतो. शाबूत कंद कोरड्या वाळूत, सावलीत ठेवावेत. पावसाळा सरताना ते ओलसर वाळूत मांडले की कोंब येतात. कोंब तीन इंचांचा झाला की खालचे एक पेर राखून धारदार, स्वच्छ पात्याने कापावा. राखलेल्या पेरातून पुन्हा फुटवा येतो. मुद्दल शाबूत राहून व्याज हाती येते म्हणा ना! फार वाढलेला कोंब आतून पोकळ होतो व त्यास मुळे नीट धरत नाहीत. कोवळे कलम भरड वाळूत, सावलीत साधारणतः दोन-तीन आठवड्यांत मूळ धरते.

कोकणासारख्या दमट हवेत साठवणीतला कंद सहज कुजतो. म्हणूनच एका घरावर विसंबणे धोक्याचे. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना तर हे अधिकच लागू पडते. प्रत्येक वाणाची कलमे दोन-तीन शेजाऱ्यांकडे पोचलेली असावीत.

या देवघेवीला एकच अपवाद असावा. पानांवर पिवळसर चट्टे व शिरांलगत फिकट पट्टे दिसू लागले, झाड खुरटले, तर विषाणूची शंका घ्यावी. हा रोग कंदातून व कलमांतून पुढे जातो आणि त्यावर औषध नाही. असे झाड, फूल कितीही देखणे असले तरी, कंदासह नष्ट करावे. त्याचे कलम कोणालाही देऊ नये.