मौन हाही अपराधच

वाई तालुक्यातील भुईंजच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की कृष्णाकाठच्या शिवारांत ऊसतोड मजुरांच्या कोपी उभ्या राहतात. आईवडील फडात गेल्यावर मागे राहिलेल्या लेकीला कोण सांभाळणार, या धास्तीपोटी अशा अनेक कुटुंबांत मुलींचे लग्न अल्पवयातच उरकले जाते. तिकडे सांगलीच्या सीमाभागात मुलींना देवीला सोडण्याची प्रथा होती. देवाच्या नावाने कित्येक मुलींना देहविक्रयाच्या बाजारात लोटणाऱ्या या प्रथेविरुद्ध १९३४ साली आणि पुन्हा २००५ साली कायदा करावा लागला.

शिक्षेच्या बाबतीत आजचा कायदा सौम्य नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सोळा वर्षांखालील बालकावर बलात्कार करणाऱ्यास किमान २० वर्षे कारावास आहे. अधिक गंभीर प्रकारांत देहदंडही होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एका अल्पवयीनाच्या तस्करीस किमान १० वर्षे, तर एकाहून अधिक बालकांच्या तस्करीस किमान १४ वर्षे शिक्षा आहे. लग्नासाठी विकलेल्या बालिकेचा विवाह २००६ च्या कायद्याने मुळातच रद्द ठरतो.

मग गुन्हेगार निर्धास्त का? कारण तक्रारच होत नाही. ‘मुलीची बदनामी होईल’ असे म्हणून घरातल्या घरात तडजोड केली जाते. वास्तविक या भीतीचा विचार कायद्याने केला आहे. मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, तिच्या घरीच घ्यावयाचा असतो. तिची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास संरक्षण आहे. परंतु ठाऊक असून गप्प राहणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

ख्रिस्तसभाही या मौनापासून अलिप्त राहिलेली नाही. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा अत्याचाराची माहिती वरिष्ठांना कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांना बंधनकारक केले. देशाच्या कायद्यानुसार पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही.

८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण. बालपणीच पळवून विकल्या गेलेल्या या सुदानी संताच्या स्मरणदिनी २०१५ पासून जगभर मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना केली जाते. लहानग्यांना अडखळविणाऱ्यांविषयी प्रभू येशूने काढलेले कठोर उद्गार आपण जाणतो. आपल्या प्रार्थनेला कृतीची जोड हवी. शेजारच्या कोपीतील मुलीविषयी शंका आली, तर १०९८ हा क्रमांक फिरविणे हे आपणा सर्वांचे ख्रिस्ती कर्तव्य आहे.