यंत्राचा पहिला शब्द

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जो थोडासा काळ जातो, त्याचा विचार आपल्यापैकीं फार थोडे करतात. ज्यांस यंत्र केवळ वापरावयाचें आहे त्यांस तो करण्याचें कारणही नाहीं. परंतु आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलें हल्लीं स्वतःचा लहानसा कर्नल लिहूं लागलीं आहेत, आणि त्यांच्या उद्योगाची जी दशा आम्ही पाहतों, तीवरून या विषयावर चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. (हा कर्नल म्हणजे पलटणीवरील अधिकारी नव्हे, हें पालकांच्या माहितीसाठीं सांगून ठेवतों. यंत्राची मेमरी, त्याचा वेळ व त्याचीं सर्व उपकरणें ज्या मूळ प्रोग्रामच्या ताब्यांत असतात, त्यास हें नांव आहे.)

दशा ही कीं, मूल मोठ्या उत्साहानें मेमरीची वांटणी करणारा भाग लिहितें, मग इंटरप्टांची व्यवस्था लावूं पाहतें, आणि यंत्र सुरू केलें म्हणजे पडदा काळा तो काळाच. चूक पहिल्या ओळींत आहे कीं पांचशेव्या, हें कळण्यास मार्ग नाहीं. दोन-चार दिवस असे गेले म्हणजे मुलाची समजूत होते कीं, हें काम आपल्या बुद्धीपलीकडचें आहे. आमच्या मतें यांत बुद्धीचा कांहीं संबंध नाहीं. क्रम चुकला आहे. मेमरी, इंटरप्ट, अनेक कामांच्या पाळ्या, हें सर्व मागाहून. आधीं यंत्रास बोलतें करावें, आणि तेंही सीरियल कन्सोलवरून.

सीरियलच कां, पडदा कां नव्हे, असें कोणी विचारील. पडद्यावर एक अक्षर काढावयाचें तर पुष्कळदां ग्राफिक्सचें कार्ड ओळखावें लागतें, अक्षराचा आकार ठिपक्याठिपक्यांनीं भरावा लागतो. सीरियलचें काम एका तारेवरून एकामागून एक बिट सोडण्याचें. आयबीएमनें १९८१ सालीं जो पीसी काढला त्याच्या सीरियल कार्डावर ८२५० ही चिप होती, आणि तिच्याच कुळांतील १६५५० चें रूप क्यूएमूसारखे यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम आजही पुढें ठेवतात. पहिल्या पोर्टाचा पत्ता सोळाच्या पायावर ३एफ८, म्हणजे दशमानांत १०१६. घड्याळ सेकंदास १८,४३,२०० ठोके देतें. त्यांस १६ नें भागिलें म्हणजे १,१५,२०० येतात. भाजक १ ठेवला तर बिटांचा हाच वेग, १२ ठेवला तर ९,६००. नंतर आठ बिट, पॅरिटी नाहीं, एक स्टॉप बिट, एवढें ठरविलें कीं जुळणी संपली. अक्षर पाठवितांना अवस्था दाखविणाऱ्या रजिस्टरांतील एक बिट पाहावयाचा. जागा रिकामी असेल तर अक्षर टाकावयाचें, नसेल तर थांबावयाचें. सारें मिळून वीस-पंचवीस ओळी. मेमरी वांटणाऱ्या भागाची येथें गरज नाहीं, इंटरप्टाचीही नाहीं. म्हणूनच हें काम सर्वांच्या आधीं करतां येतें, आणि आमच्या म्हणण्याचें सारें बळ या एका गोष्टींत आहे.

जाणत्यांची वहिवाट पाहावी. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत २००६ सालीं अध्यापनासाठीं एक्सव्ही६ नांवाचा छोटा कर्नल तयार झाला. त्याच्या इंटेल यंत्रांसाठींच्या आवृत्तींत सीरियल चिपेची जुळणी मेमरी व इंटरप्ट यांच्या बऱ्याच व्यवस्थेनंतर येई. रिस्क-व्ही यंत्रांसाठीं पुढें जी आवृत्ति लिहिली, तिच्या मुख्य भागांत पहिलेंच काम कन्सोल सज्ज करण्याचें आहे. मग आपण सुरू होत असल्याची ओळ छापावयाची, आणि त्यानंतर मेमरी. आम्हांस ही दुसरी रचना शिकणाऱ्यास अधिक हिताची वाटते. लिनक्सचा पसारा मोठा, म्हणून त्याचा खरा कन्सोल उशिरानें उभा राहतो. तोंपर्यंतचे निरोप मेमरींत सांठवून ठेवतात व कन्सोल आला म्हणजे एकदम ओततात. पण यंत्र त्याआधींच कोसळलें तर निरोपही त्याच्याबरोबर बुडाले! यासाठींच तेथें अर्लीकॉन नांवाची सोय आहे. हा तात्पुरता कन्सोल आरंभीं बोलतो आणि खरा आला म्हणजे निवृत्त होतो.

याविरुद्ध जें म्हणतात त्यांतही तथ्य आहे. आठ बिटांचें अक्षर तारेवर दहा बिटांचें होतें, म्हणजे वरच्या वेगानेंही सेकंदास ११,५२० अक्षरेंच जातात. पन्नास हजार अक्षरांचा वृत्तांत असला तर चार सेकंदांहून अधिक काळ प्रोसेसर नुसता तिष्ठत बसेल. तयार मालांत हें कोणी चालवून घेणार नाहीं, आणि घेऊंही नये. दुसरें, चिपच जागेवर नसेल तर वाट पाहणारा प्रोग्राम जन्मभर वाट पाहील. यावर लिनक्सच्या इंटेल यंत्रांसाठींच्या आरंभींच्या भागांत सुमारें ६५ हजार फेऱ्यांनंतर नाद सोडून देतात. मुलांनीं एवढें शहाणपण तेथून अवश्य उचलावें.

राहिला पालकांचा आक्षेप. आमचें मूल तासन्‌तास काळ्या चौकटींतील पांढरीं अक्षरें पाहत बसतें, हा कसला अभ्यास, असें कांहींनीं आम्हांस विचारिलें. ज्या चौकटींत काल कांहींच उमटत नव्हतें तींत आज एक अक्षर उमटलें, तर त्या मुलानें महिन्याभराचें काम केलें असें समजावें. खर्चाची भीति बाळगूं नये. आजच्या लॅपटॉपांस सीरियल पोर्ट बहुधा नसतो, परंतु क्यूएमू विनामूल्य मिळतो आणि घरच्या यंत्रावर चालतो. कोणी रास्पबेरी पाय घेऊन दिला असेल तर मात्र एक सावधगिरी अवश्य ठेवावी: त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, जुन्या आरएस-२३२ पोर्टावरील दाब १५ व्होल्टांपर्यंत जाऊं शकतो, आणि दोन्ही सरळ जोडल्यास पाय जळेल. ३.३ व्होल्टचाच यूएसबी अडॅप्टर घ्यावा, एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या पिनेस लावावी, आणि तिसरी, ग्राउंडची तार विसरूं नये.