शपथ पुरे झाली, आता कायदा सांगा!

पालकहो, प्राचार्यहो आणि दर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, हार-तुऱ्यांसाठी तयार असणाऱ्या प्रमुख पाहुण्यांनो,

गेल्या आठवड्यात आपल्याच गावात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा गांजाच्या पुडीसकट धरला गेला. पुडी असेल चाळीस-पन्नास ग्रॅमची. मी दुसऱ्या एका कामासाठी ठाण्यात बसलो होतो. मुलगा हवालदारांना म्हणाला, "पण साहेब, आता लीगल झालंय ना?" सगळे हसले. आता तो प्रश्न टपऱ्यांवर विनोद म्हणून फिरतो आहे. मला हसू आलं नाही, कारण पोराने तो मनापासून विचारला होता. याच पोराने गेल्या जूनच्या फेरीत 'नशामुक्त युवक'चा बॅनर धरला होता, फोटो आहे. कॉलेजने त्याचं नाव पटावरून काढलं आणि 'घडल्या प्रकाराची गंभीर दखल' घेऊन सोमवारी सकाळी मैदानावर सगळ्यांना पुन्हा शपथ दिली.

पुन्हा शपथ!

पोरांच्या हाती माल सहज पडतो, विकणारे मोकळे फिरतात, हे तुम्हालाही दिसतं आणि मलाही. त्यावर शाई घालवत नाही. हे पत्रक फक्त त्या शपथेबद्दल आहे.

शपथेचा सोहळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. उजवा हात पुढे, माईकवरून एक ओळ, तिच्यामागे पाचशे पोरांचा पुटपुटाट, मागच्या रांगेत दोघे-तिघे मोबाईलवर. मग प्रमाणपत्रं, सेल्फी, वडापाव. भिंतीवर कवटी आणि इंजेक्शनचं पोस्टर. त्या पोस्टरवर, त्या शपथेत, पाहुण्यांच्या पाऊण तासाच्या भाषणात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं एक तरी कलम कधी ऐकलंत? 'नशा नाश करते' एवढं ऐकलं असेल. यमक चांगलं आहे.

जे कॉलेज सांगत नाही, ते पोरं रील्समधून शिकतात. तिथलं ज्ञान असं: एक किलोपर्यंत चालतं, युनोने मान्यता दिली, थायलंडमध्ये खुलं झालं, आता आपल्याकडेही होणारच. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवर उभं आहे आणि प्रत्येक वाक्य पोराला तुरुंगात घालू शकतं.

एक किलोचं बघा. सरकारी अधिसूचनेत गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलो आणि 'व्यापारी प्रमाण' २० किलो असं ठरवलेलं आहे. पोरांनी अर्थ लावला, किलोच्या आत माफ. माफ काही नाही. किलोच्या आत वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किलोच्या वर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेलात तर किमान दहा, कमाल वीस, आणि जामीन जवळपास विसरायचा. चरस असेल तर किलोच्या जागी १०० ग्रॅम आणि वीस किलोच्या जागी १ किलो. पार्टीतल्या ब्राउनीचं काय? मिश्रणातला निव्वळ अंमली भाग नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. ब्राउनीतला मैदा, साखर कशी मोजायची यावर वकील भांडतील. तोवर पोरगा आत.

आणखी एक. जग सैल होत चाललंय, अशी पोरांची खात्री आहे. आपल्या संसदेने २०१४ साली या अल्प प्रमाणाची शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली, हे पाचशे पोरांपैकी पाच जणांना तरी ठाऊक असेल का?

युनोचं म्हणाल, तर डिसेंबर २०२०मध्ये मतदान झालं हे खरं, भारताने बाजूने मत दिलं हेही खरं. ते मत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्यापुरतं होतं. नियंत्रणाच्या पहिल्या यादीत तो तसाच राहिला. बातमीचा मथळा सगळ्यांनी पुढे पाठवला, मजकूर कोणी वाचला नाही. थायलंडने जून २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री पुन्हा बंद केली. मधल्या तीन वर्षांत आपल्याकडच्या काही पोरांनी फुकट तिकीट आणि हातखर्चाच्या आमिषाने बँकॉकहून 'हायड्रो' गांजाच्या बॅगा आणल्या. तिथल्या दुकानात पावती मिळते, पण मुंबई विमानतळावर ती पावती दाखवणं म्हणजे स्वतःहून कबुली देणं. 'बॅगेत काय होतं मला माहीत नव्हतं' म्हणालात, तर ते सिद्ध करायचं ओझंही या कायद्याने आरोपीवरच टाकलंय.

कॅनडात २०१८पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४पासून प्रौढांना मर्यादेत मोकळीक आहे. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांनी तिथले नियम पाळावेत, पण सुट्टीत येताना बॅगेत काही आणू नये. अमेरिकेतल्यांनी जास्त जपावं. न्यू जर्सीत एकवीस वर्षांवरच्याला दुकानातून घेता येतो, पण व्हिसा न्यू जर्सी देत नाही. वॉशिंग्टनच्या केंद्रीय कायद्यात गांजा आजही बंदीचा आहे आणि तिथे परक्या नागरिकाची नुसती कबुलीही भोवू शकते. लांब कशाला, गोव्याचं बघा. पोरांना वाटतं पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो. दारूचा दर बदलतो, बाळांनो. गांजाचा कायदा दोन्हीकडे केंद्राचाच आहे.

भांगेचा प्रश्न हमखास येतो, म्हणून तेही सांगून टाकतो. या कायद्याच्या व्याख्येत 'गांजा' म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून भांग त्यात बसत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि तो भांगेला चांगला ओळखतो. शंकराचा प्रसाद वगैरे युक्तिवाद कोर्टात करून पाहायचा असेल, तर दुसरा वकील बघा.

आता कोर्टाच्या व्हरांड्यात या. सेवनाच्या कलमाखाली धरलेला पोरगा बाकावर बसलेला असतो. कोणीतरी शहाणा कानात सांगतो, "कबूल कर, दंड भर, दुपारपर्यंत घरी." पोरगा कबूल करतो, दंड भरतो, संध्याकाळी कट्ट्यावर सांगतो, "सुटलो." तो सुटलेला नसतो, दोषी ठरलेला असतो. हे त्याला दोन वर्षांनी कळतं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावून धावून शारीरिक चाचणी काढतो, लेखी काढतो आणि चारित्र्य पडताळणीच्या कागदात गुन्ह्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबतं. खोटं लिहिलं तर आणखी वाईट. आई-बाप माझ्याकडे येतात तेव्हा सांगण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आणि ज्या कलमाने यातली कित्येक पोरं वाचली असती, ते कलम ६४-अ. व्यसन लागलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धा टाकला तर संरक्षण जाऊ शकतं, एवढीच अट. कायदा करणाऱ्यांनी दार उघडं ठेवलंय आणि ते दार कुठे आहे हे आपण पोरांना सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांपासून आपल्या तालुक्यापर्यंत किती बॅनर पाहिले, ६४-अ एकावरही नव्हतं. कवट्या भरपूर होत्या.

यावर जे ऐकवलं जातं, ते मला तोंडपाठ झालंय.

"कायदा सांगितला तर पोरं पळवाटा शोधतील." मग वाहतुकीचे नियमही सांगू नका, नाहीतर सिग्नल तोडायला शिकतील. विहिरीवर 'पोहू नये' अशी पाटी लावायची आणि पाणी किती खोल आहे ते लपवायचं, याला तुम्ही संस्कार म्हणता? पळवाट ज्याला हवी त्याला ती फोनवर मिळते, तीही चुकीची.

"आमच्या कॉलेजात असलं काही नाही." केंद्र सरकारच्या २०१९च्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १.३ कोटी लोकांनी वर्षभरात गांजा किंवा चरस घेतला होता. प्राचार्यांचं ऐकलं तर यातले सगळे विद्यार्थी शेजारच्या कॉलेजात शिकतात. शेजारच्या प्राचार्यांनाही विचारून झालंय.

"वकीलसाहेब, तुम्ही गांजाची बाजू घेताय." नाही हो. पुडीसाठी पोराला दोषी ठरवणारा कायदा फार शहाणा आहे असं मला वाटत नाही, आणि कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याचं डोकं कसं बिथरतं तेही मी अशिलांच्या घरांत पाहिलंय. पण ही दोन्ही माझी मतं झाली. 'चाळीस ग्रॅमला काय होतं' हे मत नाही, ते कलम आहे. ते पोराला ठाण्यात पोचण्याआधी कळायला हवं की नंतर?

प्राचार्यांना माझं सांगणं एवढंच. येत्या २६ जूनला मला एक तास आणि एक फळा द्या. सोबत सरकारी दवाखान्यातले मानसोपचाराचे डॉक्टर आणतो. मानधन नको, शाल-श्रीफळ नको. किती ग्रॅमला काय, झडती घ्यायला आले तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घ्या म्हणायचा हक्क काय, भाड्याच्या खोलीत मित्राला जाणूनबुजून ओढू दिलं तर खोलीवाल्यावर कलम कोणतं, उपचाराचं दार कुठलं, हे सगळं एका पानावर छापून देतो, छपाई माझी. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. आणि प्राचार्यांनी कृपया तो तासभर केबिनमध्येच बसावं. ते समोर असले तर एकही खरी चिठ्ठी येणार नाही.

— तालुका न्यायालयात वकिली करणारा एक पालक

(वाचून झाल्यावर फेकू नये, शेजारच्या घरात द्यावे.)