अर्धवट इंग्रजी आणि पुरती सही

ज्या मनुष्यास ‘जामीन राहा’ म्हटलें असतां घाम फुटतो, तोच मनुष्य ‘गॅरंटर म्हणून येथें एक सही करा’ असें म्हणतांच खिशांतलें पेन काढतो. वकिलीच्या धंद्यांत आम्हीं ही गोष्ट इतक्या वेळां पाहिली आहे कीं, तिजविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. ‘जामीन’ हा शब्द आमच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. जामीन राहून कोणाचें घर गेलें, कोणाच्या घरचें सोनें गेलें, हें गांवोगांव ठाऊक असतें. म्हणून त्या शब्दास धाक आहे. ‘गॅरंटर’ या शब्दास तसला धाक नाहीं; तो ऐकून साक्षीदारापलीकडे कांहीं असेल अशी शंकाहि पुष्कळांस येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें मात्र दोहोंत तिळमात्र भेद नाहीं. 1872 च्या कराराच्या कायद्याचें 128 वें कलम सांगतें कीं, करारांत निराळें ठरलें नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच आहे. धनकोनें आधीं ऋणकोच्या मागें लागावें आणि तेथें कांहीं न मिळाल्यास मगच जामिनाकडे वळावें, अशी समजूत बाजारांत सर्रास आढळते. ती चुकीची आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें 1968 सालींच स्पष्ट केलें. धनको सरळ जामिनाच्या दारांत उभा राहूं शकतो.

आता आम्ही इंग्रजी शिकलों नाहीं असें कोण म्हणेल? मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालीं छापून निघाला. पुढें तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांवर घरांतल्या घरांत पिढ्या शिकल्या. उणीव शब्दांची नाहीं, शिकण्याच्या रीतीची आहे. एक इंग्रजी शब्द, त्यापुढें एक मराठी शब्द, आणि दोन्ही घोकून पाठ करावयाचे, ही आमची रीत. परंतु शब्दाचा अर्थ यादींत राहत नाहीं, वापरांत राहतो. शाळेंत भेटलेला शब्द कचेरींत वेगळा पोशाख घालून येतो, आणि आम्ही त्यास जुनी ओळख समजून हात पुढें करतों.

‘लीव्ह’ हाच शब्द घ्या. रजा आणि सोडून जाणें, हे त्याचे दोन अर्थ शाळकरी पोरासहि येतात. पण घर भाड्यानें देतांना जो ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद होतो, त्यांत ना रजा आहे ना सोडणें. तेथें ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. मालकानें जागा वापरण्याची केवळ मुभा दिली. जागेंत हक्क म्हणून कांहीं दिलें नाहीं. भाडेपट्ट्यानें जागेच्या उपभोगाचा हक्क मिळतो, या कागदानें तो मिळत नाहीं. हा भेद न जाणतां दुकान थाटणारा, फळ्या व विजेच्या दिव्यांवर पैसा ओतणारा व्यापारी मुदत संपतांच चकित होतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें असा करार लेखी असून नोंदलेला असावा लागतो, व तो नोंदण्याची जबाबदारी मालकावर आहे, हेंहि पुष्कळांस ठाऊक नसतें.

‘डिटरमिन’ म्हणजे ठरविणें, निश्चय करणें. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत भाडेपट्टा ‘डिटरमिन’ झाला म्हणजे तो संपला! ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार, असें आम्ही शिकलों. खरेदीखतांत तोच शब्द मोबदला या अर्थानें येतो, आणि कांहीं अपवाद सोडले तर मोबदल्यावांचून करारास कायदा ओळखीतच नाहीं. ‘इंटरेस्ट’ एका ओळींत व्याज असतो, दुसऱ्या ओळींत मालमत्तेंतील हितसंबंध. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे फाशी देणें असें कादंबरींत वाचलेला मनुष्य दस्त ‘एक्झिक्यूट’ करावयास निघतो, तेव्हां त्यास केवळ सही करून तो पुरा करावयाचा असतो. आणि हुकूमनामा ‘एक्झिक्यूट’ होतो तेव्हां त्याची बजावणी होते.

सर्वांत अधिक घरें ज्या शब्दानें भांडावलीं असतील, तो ‘नॉमिनी’. ज्याचें नांव लिहिलें तो धनी झाला, असें घराघरांत समजतात. विम्याच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें 1983 सालीं सांगितलें कीं, नॉमिनी हा पैसे हातीं घेणारा आहे, वारसांचा हक्क त्यानें बुडत नाहीं. पुढें 2015 च्या दुरुस्तीनें विम्यापुरता नियम बदलला आणि आईबाप, पतिपत्नी व मुलें यांस नॉमिनी केलें असतां त्यांस लाभाचा हक्क मिळाला. कंपनीच्या शेअरांविषयीं मात्र न्यायालयानें डिसेंबर 2023 मध्यें पुन्हा बजावलें कीं, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. एकच शब्द विम्याच्या कागदांत एक बोलतो आणि शेअराच्या कागदांत दुसरें. ज्यानें या शब्दावर विसंबून मृत्युपत्र केलें नाहीं, त्याच्या मागें भाऊ भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढतो.

कोणी म्हणेल, हें जाणणें वकिलांचें काम आहे. पण वकील बहुधा सही झाल्यानंतर भेटतो. सहीच्या क्षणीं मनुष्य एकटा असतो. दुसरा कोणी म्हणेल, परकी शब्दच हांकलून द्या म्हणजे झालें. स्वभाषेचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाहीं. राज्यकारभारांतील फारशी शब्दांस प्रतिशब्द देण्यासाठीं शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. परंतु ‘जामीन’, ‘वारस’, ‘दस्तऐवज’ हे शब्दहि बाहेरूनच आले. आज ते आमचे आहेत. कारण त्यांचा अर्थ आम्हीं भोगून जाणला आहे. जो शब्द समजला तो आपला, न समजला तो दुसऱ्याच्या हातांतलें हत्यार.

खरा रोग निराळाच आहे, आणि तो बोलून दाखविणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. तो रोग म्हणजे लाज. निरक्षर शेतकरी अंगठा उठविण्यापूर्वीं म्हणतो, ‘रावसाहेब, काय लिवलंय तें वाचून दाखवा.’ त्यास तें विचारण्यांत कमीपणा वाटत नाहीं, आणि कागद वाचून दाखविला, समजला, असा शेरा त्याच्या अंगठ्याजवळ लिहिण्याचा प्रघात आहे. चार इयत्ता इंग्रजी शिकलेला आमचा शहरी गृहस्थ मात्र समोरच्या कारकुनास आपलें अज्ञान कळेल या भीतीनें पान उलटतो, मान डोलावतो आणि सही करतो. अडाण्याचा अंगठा सावध, आणि शिकलेल्याची सही आंधळी! यास विद्या म्हणावें काय?

उपाय हातांतले आहेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या घरगुती व लहान उद्योगांच्या मुदतकर्जांत रिझर्व्ह बँकेनें असा नियम घातला आहे कीं, कर्जाच्या मुख्य अटींचें पत्रक ऋणकोस कळेल अशा भाषेंत द्यावें आणि तें त्यास समजावून सांगावें. तें मराठींत मागणें ही याचना नव्हे, हक्क आहे. मागणाराच न भेटला तर नियम कागदावरच राहील. दुसरें, व्यापारी मंडळांनीं आणि वाचनालयांनीं रोजच्या कागदांतले पन्नास शब्द निवडावे, प्रत्येकापुढें नुसता अर्थ न लिहितां प्रत्यक्ष करारांतलें वाक्य आणि त्याचा परिणाम लिहावा, व तो तक्ता भिंतीवर लावावा. शाळांनींहि इंग्रजीच्या तासाला एखादी बँकेची पावती, एखादा भाडेकरार मुलांच्या हातीं द्यावा. जो मुलगा तो वाचून बापास समजावून सांगेल, त्याचें इंग्रजी कामास आलें असें आम्ही म्हणूं.

तोंवर आमच्या वाचकांस एकच विनंती. उद्यां कोणी बोट ठेवून ‘येथें सही’ म्हणेल, तेव्हां पेन उघडण्यापूर्वीं त्या बोटावरच्या ओळींतला न कळलेला शब्द विचारा. उत्तर मराठींत मिळेपर्यंत पेनाचें टोपण काढूं नका. विचारल्यानें घटकाभर लाज वाटेल. न विचारल्यानें घर जाईल.