एक्सल आम्ही बदलला, पण मुद्दा वेगळाच आहे!

गेल्या रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचा पुढचा एक्सल बदलला. पत्रकाराच्या हातात पेनाऐवजी पान्हा बघून सोसायटीतल्या पोरांनी फोटो काढले. काढू द्या!

गाडी माझी 2007 ची मारुती 800. उजवीकडे वळताना डाव्या चाकातून कट-कट आवाज यायचा. एका वर्कशॉपला दाखवली. नाव लिहीत नाही. उत्तर मिळालं, "साहेब, दोन्ही बाजूचे एक्सल टाकावे लागतील. त्यापेक्षा गाडी काढूनच टाका ना."

आमच्या शेजारच्या काकांनी सातपूर एमआयडीसीत 30 वर्षं फिटर म्हणून काढली. ते वाकले, चाकामागे हात घातला आणि म्हणाले, "एकच गेलाय. रबरी बूट फाटला, ग्रीस उडालं, माती-पाणी आत शिरलं. वेळेवर बघितलं असतंस तर नुसत्या बुटावर भागलं असतं." म्हणजे काही शे रुपयांचं काम मी काही हजारांवर नेलं. चूक माझीच.

मग काम सुरू. चाक जमिनीवर असतानाच हबचा नट सैल केला. पान्ह्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो तेव्हा कुठे हलला. जॅक लावला, खाली स्टँड ठेवले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. गिअर ऑइल काढलं, लोअर आर्म सोडवला, हब बाहेर ओढला, टॉमीने आतलं टोक उचकलं. नवा शाफ्ट "टक" आवाज करून बसला, तसे काका हसले. नवीन ऑइल भरलं, जुनं डब्यात भरून गॅरेजवाल्याला दिलं. गटारात ओतलं असतं तर ते गोदावरीतच गेलं असतं. संध्याकाळी ओळखीच्या मिस्त्रीकडून नट-बोल्ट तपासून घेतले.

आता मुद्द्याचं. 15 वर्षांनंतर कारच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली. मी भरली. धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावरून हटलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण नीट राखलेली गाडी आणि भंगार, दोघांना एकच फी कशी? हिशेब गाडीच्या वयाचा नको, तब्येतीचा हवा.

दुसरं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाही, म्हणून स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कारकंपन्यांना 2544 कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 मध्ये केंद्राने "दुरुस्तीचा हक्क" म्हणत समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. द्वारकेच्या छोट्या गॅरेजवाल्याला नव्या गाडीचं मॅन्युअल सहज मिळेल, तेव्हा हक्क मिळाला म्हणायचं.

आणि रस्ते? 2027 च्या कुंभमेळ्यासाठी शहरात खोदकाम चाललंय. करा, पण खणलेलं बुजवा तरी! खड्ड्याचा खर्च महापालिकेच्या बजेटमध्ये दिसत नाही, तो तुमच्या-माझ्या गॅरेजच्या बिलात दिसतो.

शेवटचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले असे किती काका या शहरात घरी बसून आहेत! आयटीआयच्या पोरांना महिन्यातून एक रविवार त्यांच्या हाताखाली मिळाला तर? त्याला ना टेंडर लागतं, ना उद्घाटन.

काकांना पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाज. आणि दर पावसाळ्याआधी खाली वाकून बूट बघत जा."

तुम्हीही बघा. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये असे काका असतील तर कमेंटमध्ये सांगा.