दहाचा पाना कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक बोल्ट तुटला. ह्यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या करंगळीएवढ्या लोखंडाने आमचा आठवडा खाल्ला, आणि मला जे ऐकावं लागलं त्याबद्दल लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आमच्याकडे ह्यांची जुनी हिरो होंडा सीडी १०० आहे. हे गेल्यापासून ती लेक चालवते. चिपळूणहून परशुराम घाट चढून लोट्याला कामावर जाते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गाडी अख्खी बुडाली होती. चिखल काढला, ऑइल बदललं, गाडी सुरू झाली, आम्ही खूश! पण पाणी नटांच्या आट्यांत शिरून बसलं होतं, ते कोण बघतंय? वर दर वर्षीचा कोकणातला पाऊस. दोष द्यायचा तर आमच्याच आळसाला.

महिन्यापूर्वी सायलेन्सर इंजिनापाशी फटफट करायला लागला. आतली रिंग बदलायची, एवढंच काम. सायलेन्सर तिथे दोन स्टडवर बसतो, वरून दोन नट. लेकीने दहाचा पाना लावला. एक नट सुटला. दुसऱ्याला जोर दिला तर ‘कट्’ आवाज झाला आणि नट स्टडच्या तुकड्यासकट हातात आला. उरलेला स्टड हेडमध्ये, नखाएवढा बाहेर.

ढकलत गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने लेकीकडे बघितलंही नाही. मला म्हणाला, ‘‘काकी, हेडच बदलावं लागेल. कशाला जुन्याच्या मागे लागता, भंगारात द्या. घरात कोणी पुरुष माणूस नाही का, त्यांना पाठवा, मी बोलतो.’’ पुरुष माणूस आला असता तर स्टड आपोआप बाहेर आला असता की काय, कोण जाणे! पुण्याहून मुलाचा फोन, ‘‘आई, विकून टाक.’’ लेक काहीच बोलली नाही. गाडी ढकलत परत घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून सहाची एसटी. रात्री दमून जेवायचीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आई, तो नुसता अडकलाय. अडकलेलं निघतं.’’

आणि खरं सांगते, तिने समजावलं तेव्हा मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. स्टड लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा. दोघांच्या मधली जागा गंज आणि पांढऱ्या भुकटीने गच्च भरते. ॲल्युमिनियम गरम केलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड ढिली होते. अहो, लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण बसलं की आपण त्यावर गरम पाणी ओततो, ते दुसरं काय? काचेपेक्षा पत्रा जास्त फुगतो. एकात एक अडकलेले स्टीलचे पेले सोडवायला आतल्यात गार पाणी नि बाहेरचा गरम पाण्यात! हे शास्त्र आपल्या आज्यांना येत होतं. फक्त त्याला कुणी मेकॅनिकचं काम म्हटलं नाही.

तर आम्ही लागलो कामाला. आधी पेट्रोलची टाकी काढून मागच्या पडवीत ठेवली. आग आणि पेट्रोल एका अंगणात नको. स्टडच्या मुळाशी गंज सोडवायचं ऑइल रोज संध्याकाळी थेंब थेंब सोडायचं आणि छोट्या हातोडीने टकटक करायचं. जोरात नव्हे, दारावर पाहुण्याने वाजवावं तसं. त्या हादऱ्याने तेल आत झिरपतं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी पकडीने धरून बघितलं तर पकड घसरली, स्टड गुळगुळीत झाला. दोन नट एकमेकांवर आवळून फिरवायची युक्तीही असते, पण त्याला लांबी लागते, ती नव्हती.

मग आमच्या आळीतल्या ग्रिलवाल्याला बोलावलं. बॅटरीची वायर सोडली. त्याने उरलेल्या तुकड्यावर थोड्या मोठ्या भोकाचा नट ठेवला आणि भोकाच्या आतून वेल्डिंग भरलं. हे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, लोखंडालाच धरतं. शिवाय त्या उष्णतेनेच गंजाची मिठी सुटते. ‘‘लगेच हात लावू नका, थोडं निवू दे,’’ म्हणाला. मग लेकीने पाना घातला. सोडवायच्या दिशेने जरासा, परत आवळायच्या दिशेने जरासा. पुन्हा तेल. पुन्हा तेच. पहिला नट तिने एकाच दिशेने, रागात ओढला होता. ह्या वेळी पंधरा मिनिटं लागली, पण किर्रर्र करत अख्खा स्टड बाहेर आला. मी पदराने घाम पुसत नुसती बघत राहिले. ग्रिलवाल्याने शंभर रुपये घेतले, चहा प्यायला आणि लेकीला म्हणाला, ‘‘हात चांगला आहे हो तुझा.’’

मैत्रिणींनो, सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. स्टड अगदी आतल्या पातळीला तुटला असता तर मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा ईझी आऊट घालावा लागतो. तो कडक पोलादाचा. आत मोडला तर साध्या ड्रिलने त्याला भोकही पडत नाही. तिथे मुकाट्याने लेथवाल्याकडे जावं. ब्रेकशीही खेळ नको. माझं म्हणणं वेगळं आहे.

परभणीच्या शीला डावरे यांनी पुण्यात १९८८ मध्ये रिक्षा चालवायला घेतली, त्याला किती वर्षं झाली! आज आमच्या गावात बायकांच्या स्कूट्या मोजाव्यात तेवढ्या थोड्या. हँडल हातात आलं, पण पाना नाही आला. आपण गॅरेजबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसतो आणि बिल दिलं की निघतो. काय खराब झालं, काय बदललं, जुना पार्ट कुठे आहे, विचारतच नाही. विचारलं तर ‘तुम्हाला नाही कळणार ताई’. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण इथे गप्प का बसतो? मुलाच्या हातात सहाव्या वर्षी पेचकस आणि मुलीला ‘कपडे खराब होतील’, ही सुरुवात आपल्याच घरात होते. मी स्वतः हे वाक्य लेकीला म्हटलेलं आहे.

नवीन स्टड बसवण्याआधी आटे साफ केले. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, कारण साधं ग्रीस सायलेन्सरच्या उष्णतेत जळून जातं. नट मनगटाच्या जोरावरच आवळले, खांद्याच्या नाही. सोमवारी सकाळी गाडी घाटाकडे गेली तेव्हा आवाज कानाला गोड लागला.

तुटलेला स्टड मी देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवलाय. काल शेजारच्या वहिनी आल्या, त्यांच्या स्कूटीच्या आरशाचा नट बसलाय म्हणे. लेक यायला वेळ होता. मीच ऑइल सोडून आले.